तळहातावरचं ‘दोब्रो’

स्मिल्याने सकाळी कॉफीचा कप बाजूला सरकवून कॉम्प्युटरला जोडलेल्या ब्रेलच्या पट्टीवर बोटं ठेवली, तर पट्टी सपाट. एकही टिंब वर आलेलं नाही. घासून पालथ्या घातलेल्या ताटावरून हात फिरवावा तसा तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. काही नाही.

एरवी तिने पट्टीला एक सणसणीत शिवी हासडली असती आणि पुन्हा कॉफीकडे वळली असती. पण आज बेलग्रेडच्या मोठ्या हॉस्पिटलात तिच्या नवऱ्याला, झिवाला, ऑपरेशनला नेणार होते. डाव्या फुप्फुसात गाठ होती, तेवढा तुकडा काढायचा होता. “आत नेण्याआधी लिहितो, आणि बाहेर आलो की शुद्धीवर येताच लिहितो,” असं त्याने आदल्या संध्याकाळी कळवलं होतं. ते लिहिणं या पट्टीवरच उमटणार होतं. दुसरीकडे कुठे उमटून उपयोग नव्हता, कारण स्मिल्याला दिसत नव्हतं आणि ऐकूही येत नव्हतं.

ही बाई मुळात अक्षरांची. कोविन गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तिच्या हातच्या. बेकरी, खाटीक, चावीवाला, केशकर्तनालय. शिडीवर चढून, दातांत ब्रश धरून ती रंगवायची. कान जन्मापासूनच मंद होते, त्याचं तिला विशेष वाटत नसे. “गिऱ्हाईकाची कटकट अर्धीच ऐकू येते, बरंच आहे,” म्हणायची. पस्तिशीनंतर नजर आक्रसायला लागली. आधी कडा गेल्या, मग नळीतून पाहिल्यासारखं दिसू लागलं, मग नळीही बुजली. कानांत जे काही उरलं होतं तेही त्याच दुखण्याने नेलं. राहिलं फक्त बोलणं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो कधी बाजारात ओरडल्यासारखा निघे, तर कधी चर्चमध्ये कुजबुजल्यासारखा.

ती बोलायची, आणि लोक उत्तर तिच्या तळहातावर बोटाने काढायचे. मोठी, सुटी अक्षरं. यातही एक गोची होती. आमच्याकडे भाषा एक आणि लिप्या दोन, सिरिलिक आणि लॅटिन. माणूस चिठ्ठीची पहिली ओळ एकीत लिहितो, दुसरी ओळ दुसरीत, आणि त्याचं त्यालाही ते जाणवत नाही. डोळ्यांना याचा त्रास नाही, तळहाताला आहे. काही अक्षरांचा आकार तोच, उच्चार निराळा. ज्या आकाराला सिरिलिकमध्ये ‘र’ म्हणतात, त्यालाच लॅटिनमध्ये ‘प’. एकीतला ‘स’ तो दुसरीतला ‘त्स’. झिवाच्या पुतण्याने पहिल्यांदा तिच्या हातावर आपलं नाव काढलं, पेत्सा, लॅटिनमध्ये. तिने ते सिरिलिकमध्ये वाचलं: रेसा. रेसा म्हणजे झालर. तेव्हापासून तो चांगला शंभर किलोचा, चाळिशी ओलांडलेला, टायरच्या कारखान्यातला पेत्सा तिच्यासाठी ‘झालर’ झाला तो झालाच. ब्रेलमध्ये मात्र दोन्ही लिप्यांची टिंबं एकच. म्हणून पट्टीवर कधी ध चा मा होत नसे.

पण तळहाताचा खरा वैरी ही दुहेरी अक्षरं नव्हती. खरा वैरी होता ‘दोब्रो’ हा शब्द. दोब्रो, म्हणजे बरं आहे, ठीक आहे. लिहायला सोपा, सुटसुटीत, आणि लिहिणाऱ्याची तेवढ्यावर सुटका. दूध नासलं? दोब्रो. छप्पर गळतंय? दोब्रो. आंधळ्या-बहिऱ्या बाईच्या हातावर वाईट बातमी अक्षर-अक्षर काढत बसायची कुणाची छाती होणार? तिची आई आजारी होती तेव्हाही सगळे रोज दोब्रो लिहीत राहिले. मग एके दिवशी भावजयीने तिच्या तोंडात चमचाभर काहीतरी भरवलं. साखर घातलेला उकडलेला गहू, त्यात अक्रोडाचा चुरा. हा गहू आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात. आईला पुरून चाळीस दिवस झाल्याचं स्मिल्याला असं जिभेने कळलं. तिने घास गिळला नाही की थुंकला नाही. तोंडात धरून ती उभी राहिली आणि मग भर मांडवात एवढ्या मोठ्याने किंचाळली की पाद्रीबुवांच्या हातून मेणबत्ती पडली.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने झिवाला शपथ घातली. “जगाने मला खुशाल फसवावं. तू नाही. काहीही झालं तरी सगळं, जसंच्या तसं.” झिवा कोविन–पान्चेवो बसचा ड्रायव्हर. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, त्यामुळे शपथ पाळणं त्याला जड गेलं नाही. उलट ती म्हणायची, “एवढं खरं नको रे सांगूस, डोकं दुखतं.”

पट्टी मिळाली तीही त्याच्याच खटपटीने. जर्मनीत कुणाची तरी वापरून झालेली, जुनी. कॉम्प्युटर पेत्साच्या कारखान्याने भंगारात काढलेला. त्यात झिवाने लिनक्स घातलं, कारण त्यात आंधळ्यांची सोय आतच असते आणि ती कुणाकडे मागावी लागत नाही. यूएसबीची वायर खोचली की यंत्र चालू होतं, हे वाक्य फक्त खोक्यावर छापलेलं असतं. झिवा पुरा हिवाळा त्या वायरीशी झुंजला. कुठल्या कुठल्या देशांतले, कधी न भेटलेले लोक त्याला इंटरनेटवर उत्तरं देत बसायचे. शेवटी एका दुपारी स्मिल्याच्या बोटांखाली टिंबं उठली आणि पहिलं वाक्य आलं: “पेंटरबाई, जेवायला काय केलंय?” त्यानंतर नवरा-बायको एकाच घरात, तो स्वयंपाकघरातून फोनवर आणि ती खिडकीपाशी पट्टीवर, असे दिवसभर गप्पा मारायचे. लोक हसायचे. हसू देत.

आता ही पट्टी मेली कशी, ते तिला संध्याकाळी कळलं. आपण आत्ताच सांगून टाकू.

मे महिना होता, बाभळीसारखी ती पांढऱ्या फुलांची झाडं देलिब्लातोच्या वाळूच्या माळावर फुलली होती, आणि झिवाच्या मधमाश्या तिकडे नेण्याची जबाबदारी पेत्सावर पडली होती. काकाला हॉस्पिटलात पडल्या-पडल्या करमेना. म्हणून पेत्साने एका पोळ्याच्या पेटीखाली वजनकाटा बसवायचं ठरवलं, म्हणजे किती मध आला ते काका खाटेवरून फोनवर बघू शकेल. काट्याचं छोटं खोकं आधी कॉम्प्युटरला जोडून तयार करावं लागतं. पेत्साने ते आदल्या रात्री उशिरा स्मिल्याच्याच कॉम्प्युटरला जोडलं, तर कॉम्प्युटर काही ते ओळखीना.

“काय करतोयस रे, झालर?” तिने विचारलं होतं.

त्याने हातावर लिहिलं, माश्या.

“माश्या कॉम्प्युटरमध्ये?”

दोब्रो, त्याने लिहिलं. इतकंच.

इंटरनेटवर त्याला एक ओळ सापडली. हजार लोकांनी तिला वाहवा दिली होती. त्या खोक्याच्या पोटातली चिप आणि काही जुन्या ब्रेल-पट्ट्यांच्या पोटातली चिप एकाच जातीची. लिनक्समधला ब्रेल चालवणारा प्रोग्राम खोक्यालाच पट्टी समजतो आणि बळकावून बसतो. तेव्हा तो प्रोग्राम काढून टाका, कुणाला लागतो तो? एवढा खुलासा खाली बारीक अक्षरांत होता. पेत्साने वरची आज्ञा तेवढी उचलली. प्रोग्रामचं नाव म्हणजे पाच-सहा व्यंजनांचा गुंता, त्यावरून बापजन्मात काही कळू नये. त्याने तो काढला, खोकं चालायला लागलं, काकाला फोटो पाठवला आणि पहाटे उठून पेट्या ट्रकमध्ये भरून तो वाळूकडे निघून गेला. खोकं मात्र कॉम्प्युटरलाच जोडलेलं राहिलं, आणि कॉम्प्युटर सुरू केला की पोळ्याचं नाव भरायची खिडकीच पुढे येई. करायला गेला काय आणि झालं काय.

तर स्मिल्या. तिने पट्टीची वायर काढली, फुंकली, पुन्हा खोचली. दुसऱ्या भोकात खोचली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पंख्याची थरथर बोटाला लागत होती, म्हणजे धड जिवंत होतं, फक्त वाचा गेली होती. मग तिने कीबोर्ड ओढला आणि नुसत्या सवयीवर लिहिलं, “झिवा पट्टी मेली आहे मी इथेच आहे माझ्याशी बोल.” एन्टर दाबलं. ते कुठे गेलं, गेलं की नाही, कुठली खिडकी उघडी होती, कळायला मार्ग नव्हता. विहिरीत हाक मारली तर निदान घुमते. तिने तेच वाक्य पुन्हा लिहिलं. मग नुसतं झिवा, झिवा, झिवा.

आता त्याला नेलं असेल. आता भूल देत असतील. आणि आत जाताना त्याने काहीतरी लिहिलं असेल, ते इथे, या सपाट पट्टीच्या पलीकडे, वीतभर अंतरावर पडलं असेल. तिला त्या यंत्रावर डोकं आपटावंसं वाटलं. तिने मूठ आपटली. कॉफी सांडली, ती मांडीवर आल्यावर कळली.

शेजारची दारिंका रोज सकाळी डोकवायची. सत्तरीची, अंगाने सुटलेली, मनाने लोण्याहून मऊ. फरशी हलली तसं स्मिल्याने ओळखलं.

“दारिंकाताई! झिवाला फोन लाव. नाहीतर हॉस्पिटलात लाव. विचार काय झालं. आणि झालरला बोलाव, माझी पट्टी गेली.”

दारिंकाने तिच्या खांद्यावर थोपटलं. ती बाहेर गेली, बऱ्याच वेळाने आत आली आणि हातावर लिहिलं. दोब्रो.

“काय दोब्रो? ऑपरेशन सुरू झालं? संपलं? कोण बोललं तुझ्याशी?”

दोब्रो, पुन्हा. यावेळी अंमळ हळू.

“अगं बाई, दुसरं काही लिहिता येतं की नाही तुला? शाळेत गेली होतीस ना?”

दारिंकाने मग तिचा हात घट्ट धरला आणि एकेक अक्षर नीट काढलं: येतोय. तेही लॅटिनमध्ये, जे ती कधी लिहीत नसे. पेत्साचा फोनवर आलेला निरोप ती बघून-बघून उतरवत होती. स्मिल्याला तेवढं समजलं. झालर येतोय. म्हणजे मधमाश्या वाळूवर सोडून येतोय. झिवाच्या माश्या ऐन फुलोऱ्यात टाकून तो येतो, तर नुसत्या पट्टीसाठी येईल का?



त्यानंतर घरात काहीतरी चालू झालं. तुपावर चीज परतल्याचा वास आला. भांडी हलवल्याचं टेबलातून कळत होतं. दारिंका तिच्याच चुलीवर रांधत होती. का? आपल्याकडे बाईमाणूस दुसऱ्याच्या चुलीवर कधी रांधतं? घरात माणसं येणार असली की. आणि माणसं कधी येतात?

“दारिंकाताई, तू काय करतेयस?” ती ओरडली असावी, कारण टेबल एकदम थांबलं. दारिंका आली. तिची बोटं पिठाळ होती. घाईत होती. तिने स्मिल्याचा हात उचलला, ‘नाही’ म्हणावं तसा डावी-उजवीकडे हलवला, आणि तळव्यावर भरभर चार अक्षरं ओढली. मग ती गेलीच. दार आपटल्याचा धक्का भिंतीतून आला.

स्मिल्याने मूठ मिटली, जशी काही अक्षरं सांडतील. नाही. आणि मग क, ओ, तो दुहेरी आकार, आ. मघाशीच दारिंकाने लॅटिनमध्ये लिहिलं होतं. लॅटिनमध्ये तो आकार ‘प’. कोपा.

कोपा म्हणजे खणतोय.

नाही. खणतोय.

तो नाही. खड्डा खणतायत.

ती खुर्चीत बसली होती का उभी होती, हे तिला नंतर आठवेना. घसा दुखायला लागला तेव्हा आपण ओरडतोय हे कळलं. कुणी आलं नाही. तिने भिंत धरली, मग दाराची चौकट, मग कपाट. हे तिला आईच्या वेळी करू दिलं नव्हतं. आईला कुठले कपडे घातले, केस कुणी विंचरले, काही ठाऊक नव्हतं. झिवाच्या बाबतीत ती ते होऊ देणार नव्हती. तिने हँगर चाचपले. काळा सूट, पुतणीच्या लग्नाला शिवलेला, कापड बोटाला गार लागतं तो. पांढरा सदरा, कॉलर चुरगळलेली. तिने इस्त्री तापत ठेवली. सुरकुती बोटाने शोधायची, इस्त्री फिरवायची, पुन्हा शोधायची. अंगठा भाजला. बरं झालं, तिला वाटलं, निदान काहीतरी खरं आहे. “मी साधी पट्टी सुरू करू शकले नाही रे,” ती सदऱ्याला म्हणत राहिली. “तू आत जाताना काय म्हणालास तेही मला वाचता आलं नाही.”

फरशी जोरात हलली. शंभर किलो. पेत्सा दारात आला आणि तिथेच थबकला, कारण पुढची पावलं आलीच नाहीत. टेबलावर इस्त्री केलेला सूट पसरलेला, शेजारी काळे बूट, त्यांत मोजे.

“ये,” ती म्हणाली. “टाय कुठे ठेवतो ते मला सापडत नाही.”

त्याने धावत येऊन तिचा हात ओढला आणि लिहिलं: झिव. झिव म्हणजे जिवंत. पण तिच्या नवऱ्याच्या नावाचीही सुरुवात तीच, त्यामुळे ती पुढच्या अक्षराची वाट बघत राहिली.

“झिवा. हो. पुढे लिही. झिवाचं काय?”

झिव! त्याने पुन्हा काढलं, इतकं दाबून की नख रुतलं. झिव! झिव!

“कळलं रे झिवा! झिवा काय? कधी गेला? एकटाच होता का?”

पेत्सा रडत होता. त्याच्या हाताच्या हिसक्यांवरून कळत होतं. शेवटी त्याने तिचा तळहात उचलून आपल्या चेहऱ्याला लावला आणि मान जोरजोरात हलवली. नाही. मेला नाही. नाही.

“मग दारिंकाने का लिहिलं? खणतायत म्हणून का लिहिलं?”

त्याने कुणाला तरी हाक मारली असणार. पिठाळ हात आले, आणि त्यांनी तिच्या हातात एक थंडगार, कुरकुरीत पाकीट ठेवलं. मैद्याच्या पातळ पाऱ्यांचं, चीजच्या पापुद्र्याच्या वड्यांना लागतं ते. त्या पाऱ्यांना ‘कोरा’ म्हणतात. म्हातारीने फोन खाली ठेवला तसं बोट पुन्हा आपल्या जुन्या सिरिलिकवर आलं होतं. कोरा नाहीत, दुकानातून आणते, एवढंच तिला सांगायचं होतं. पेत्सा इतक्या लांबून उपाशी येणार म्हणून ती रांधत होती. भीतीला जी लिपी हवी असते, त्याच लिपीत ती वाचते.

स्मिल्याने पाकीट नाकाशी धरलं. मैद्याचा वास. ती हसायला लागली, वाईट हसू, थांबेना असं. दारिंकाने तिला कवटाळलं. “चेटकिणे,” स्मिल्या म्हणाली, “माझा नवरा तू पाऱ्यांत गुंडाळून पुरलास.”

मग हसू एकदम सरलं.

“दोघंही इकडे हात द्या,” ती म्हणाली. “हं. आता लिहा. ऑपरेशन झालं?”

दारिंकाने लिहिलं. दोब्रो.

“तू नाही. झालर, तू. काकाचं ऑपरेशन झालं का? माझ्या हातावर हो लिही किंवा नाही लिही.”

पेत्साचा हात घामाने निथळत होता. त्याने ‘दो’ काढलं, ‘ब’ अर्धवट काढला आणि हात सोडवून घेतला.

 तिने सूट चाचपून घडीवर घडी घातली. “पट्टी लाव,” ती म्हणाली. “तुम्हा दोघांशी मला बोलायचं नाही.”

तो कॉम्प्युटरपाशी बसला. स्मिल्या त्याच्या मागे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, त्याची हालचाल लाकडातून ऐकत उभी राहिली. थोड्या वेळाने लाकूड थांबलं. पूर्ण. मग त्याने मागे वळून तिच्या हातावर सगळं लिहिलं, कधी नव्हे ती पुरी वाक्यं: प्रोग्राम मी काढला. काल. मला माहीत नव्हतं. माझी चूक.

त्याने थोबाडीत खायची तयारी ठेवली असावी. तिच्या हातालाही तशी खाज सुटली होती.

“नंतर रड,” ती म्हणाली. “आधी परत घाल.”

प्रोग्राम उतरायला वेळ लागला. आमच्या गल्लीतलं इंटरनेट बैलगाडीने येतं. तो उतरला, कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तिने बोटं ठेवली. सपाट. पेत्साने वायर बदलली. सपाट. तिला वाटलं, मुद्दाम करतोय. मुद्दाम चालू करत नाहीये. “झालर, देवाची शपथ आहे तुला, खोटं खोटं बिघडवत असशील तर या घरात पाऊल टाकू नकोस.” त्याने तिचा हात धरून मधमाश्यांच्या काट्याच्या खोक्यावर नेला. ते अजून जोडलेलंच होतं. परत आलेला प्रोग्राम त्या खोक्यालाच पट्टी समजून बसला होता. तिच्या नवऱ्याची खबर माश्यांच्या वजनकाट्यावर लिहू पाहत होता. तिनेच ती वायर धरली आणि उपटली.

बोटांखाली टिंबं उठली. सरसरून, एकाच वेळी, मुंग्यांची रांग हातावर चढावी तशी.

आणि त्याच क्षणी पेत्साचा पंजा तिच्या हातांवर येऊन पडला. पडद्यावर जे होतं ते त्याने आधी वाचलं होतं. तिची बोटं तो पट्टीवरून उचलू बघत होता, दांडगाईने नाही, विनवणी केल्यासारखी. तिने कोपराने त्याला ढोसलं. तो हलला नाही. तिने त्याच्या मनगटाला चावा घेतला.

पंजा गेला. ती वाचू लागली.

“पेंटरबाई, उठलीस का? पोटात काही नाही, कॉफीसुद्धा देत नाहीत. शेजारचा म्हातारा रात्रभर ट्रॅक्टरसारखा घोरला. मला थोड्या वेळात नेतील. लिही काहीतरी.”

“लिही गं. रुसलीस का?”

“स्मिल्या, आता घाबरलोय. तुला काही झालं का?”

“अगं, मध किती आला ते बघायला फोनवर काटा उघडला, तर पोळ्याचं नाव ‘झिवा पट्टी मेली आहे मी इथेच आहे माझ्याशी बोल’. नर्सला दाखवलं, ती म्हणाली तुमच्या माश्या फार हुशार आहेत. बोलतो. पट्टी सुरू झाली की वाच.”

मग पुढची ओळ आली, आणि तिला ती दोनदा वाचावी लागली.

“ऑपरेशन केलं नाही. सकाळी पुन्हा फोटो काढले. ते यकृतात उतरलंय. डॉक्टरीण म्हणाली, आता कापण्यात अर्थ नाही. तिने पेत्सालाही फोनवर सांगितलंय. तो तुला सांगणार नाही. दारिंकाही नाही, ती वड्या करायला घेईल. म्हणून मी सांगतोय. हा उन्हाळा मिळेल म्हणतात. पानगळीचं नाव कुणी काढत नाही. मी संडासात जाऊन रडलो. आता बरा आहे म्हणणार होतो, पण बरा नाही. तू आहेस का तिथे?”

स्मिल्याच्या मागे कुणीतरी भिंतीला टेकून खाली बसलं. फरशीला तो धक्का कळला. तिने वळून पाहिलं नाही, पाहण्यासारखं काही नव्हतंच. दिवसभर तिने त्याला मारला होता आणि पुन्हा उठवला होता, आणि आता तो उन्हाळ्यापुरता तिच्या बोटांखाली होता.  पण सकाळपासून लागलेली आग, काहीच न कळण्याची, ती विझली होती. तिने कीबोर्ड ओढला.

“आहे,” तिने लिहिलं.  मग जे आधीपासून विचारायचं होतं तेच तिने विचारलं, ज्याचं उत्तर दुसऱ्या कुणाकडून मिळण्यात काही अर्थ नव्हता.

“दुखतंय का?”

पट्टी सपाट झाली. क्षणभर तिला वाटलं, पुन्हा गेली. मग उजव्या तर्जनीखाली टिंबं वर आली.

“हो. फार.”

तिने बोट तिथून उचललं नाही.